टॉवेल गरम, बाथरूम गार?

रेडिएटर म्हटलं की आपल्याला आधी आठवते ती गाडी. बोनेट उघडायचं, पाणी ओतायचं आणि निघायचं! पण ऑनसाइटला ब्रिटनमध्ये गेलेल्या आणि तिथंच घर घेतलेल्या आपल्या मंडळींना विचारा. तिथं बाथरूमच्या भिंतीवरही रेडिएटर असतो. पांढरा, चपटा, पत्र्याचा. बॉयलरमध्ये तापलेलं पाणी पाइपातून त्याच्यात फिरतं आणि खोली उबदार राहते. घराची किल्ली हातात आली, की मेकओव्हरची पहिली कुऱ्हाड या बिचाऱ्यावर! त्याच्या जागी येतो शिडीसारखा चकचकीत टॉवेल रेल.

लुक झकास, वादच नाही. आंघोळीनंतर गरमागरम टॉवेल मिळतो, ओला टॉवेल वाळतोही. पण शिडीत नळ्यांपेक्षा मोकळी जागाच जास्त. 600 बाय 600 मिलिमीटरचा दुहेरी पॅनेलचा रेडिएटर साधारण 1000 वॉट उष्णता देतो. 500 बाय 1200चा क्रोमचा रेल मात्र जेमतेम 300 ते 400 वॉट! त्याच मापाचा पांढरा रेल क्रोमपेक्षा जास्त ऊब देतो. आणि वर दोन जाड टॉवेल टाकले, की रेलला गोधडीच पांघरली म्हणायची. टॉवेल खूश, खोली गार.

आता समजा, डिसेंबरात आईबाबा पहिल्यांदा तुमच्याकडे येताहेत. जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीहून. तिथंही पहाटे हुडहुडी भरते, पण बंबातलं कढत पाणी अंगावर घ्यायचं आणि अंगणातल्या उन्हात येऊन बसायचं, की झालं. टॉवेल दोरीवर, तोही फुकटात वाळतो. तिकडच्या डिसेंबरात हे ऊन कुठून आणणार? साठीच्या माणसानं ओल्या अंगानं गारठ्यात उभं राहायचं, ते तुमच्या क्रोमच्या हौसेपायी?

म्हणून आधी हिशेब. बाथरूमला किती वॉट लागतात ते काढा, मग तेवढ्याचा रेल शोधा. माहितीपत्रकात आकडा बीटीयूमध्ये असेल, तर 3.41 नं भागा. वॉट मिळतील. दोन मॉडेलची तुलना करताना दोन्ही आकडे 'डेल्टा टी 50'चेच आहेत ना, तेही पाहा. रेल कमी पडत असेल, तर जुना रेडिएटर राहू द्या आणि छोटा रेल वेगळा लावा. दोन्ही व्हॉल्व्हमधलं अंतर आधीच मोजा. ते जुळलं नाही, तर पाइप हलवावे लागतात, फरशी उखडते आणि बजेट बोंबलतं. उन्हाळ्यात हीटिंग बंद असतं, तेव्हाही टॉवेल वाळवायचे असतील, तर आत विजेची कांडी बसवलेला, दोन्हींवर चालणारा रेल घ्या.

'मग गावच्या घरीही एक पाठवून देतो!' थांबा जरा. आपल्याकडे बॉयलरचे पाइप नाहीत, म्हणजे रेल निव्वळ विजेचा. 100 वॉटचा रेल रोज तीन तास चालवला, तर महिन्याला नऊ युनिट. परवडेल. पावसाळ्यात टॉवेलचा कुबट वासही जाईल. मात्र इतक्यानं खोली तापणार नाही. आणि पाठवण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून घरचं अर्थिंग तपासून घ्या. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, बटण बाथरूमच्या बाहेर ठेवा. ओला हात, ओली फरशी आणि धातूची दांडी, तिथं जुगाड नको!

थोडक्यात फंडा सोपा आहे. टॉवेल गरम हवाय की माणूस, हे आधी ठरवा. दुकानात नंतर जा.