ते १२० ग्रॅमचे पाकीट

वार्षिकांकासाठी कशावर लिहिणार, असे मैत्रिणींनी विचारले तेव्हा मी म्हटले, ‘उत्क्रांतीवर.’ साऱ्याजणी हसल्या. एक म्हणाली, ‘अगं, आपण आर्ट्सवाल्या. माकडाचा माणूस झाला की नाही झाला, आपल्याला काय करायचे आहे?’ त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. घरी जाताना एस. टी.त सुचले, ते येथे लिहिते आहे.

माझे वडील चौथीपर्यंत शिकले. माय सहीपुरती शिकली. महाविद्यालयाची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिली. साडेतीन एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी आणि मध्ये तुरीच्या ओळी, हा आमचा संसार. मी लहान असताना बीटी कपाशीच्या बियाण्याची पिशवी घरी आली की तिच्यातून दोन पाकिटे निघत. मोठे ४५० ग्रॅमचे, ते बीटीचे. लहान १२० ग्रॅमचे, ते साध्या कपाशीचे. गावात त्या लहान पाकिटाला ‘रेफ्युजी’ म्हणत. वावराच्या कडेने त्याच्या पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल तेवढी साधी कपाशी लावावी, असा नियम होता. बाबा ते पाकीट खुंटीला टांगून ठेवीत, नाहीतर नांग्या भरायला वापरीत. मी एकदा विचारले, तर म्हणाले, ‘त्याले त अळी खाते पोरी. अळीसाठी कोणी पीक पेरते काय?’

२०१७ साली मी सहावीत होते. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. मग डोमकळ्या दिसू लागल्या. बोंड फोडले की आत गुलाबी अळी. बोंडाच्या आत बसलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही, तरी माणसे फवारीत राहिली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आमच्याकडे सुदैवाने जीव वाचले. वेचणीला मात्र कवडीच हाती आली आणि मायच्या कानातले तेवढे गेले.

पुढे दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ होता. लामार्क, जिराफाची मान, डार्विन, नैसर्गिक निवड. मी सारे पाठ केले, गुणही चांगले मिळाले. पण हा पाठ माझ्याच बापाच्या वावरात घडून गेला आहे, हे मला त्या दिवशी कळले नाही. मला वाटते, आपल्या शिक्षणाचा खरा दोष हाच आहे.

वास्तविक गोष्ट अवघड नाही. माझी आजी ज्वारीची सर्वांत भरदार कणसे बाजूला काढून बियाण्यासाठी ठेवी. दरवर्षी निवड करीत गेले की वाण बदलतो, हे तिला ठाऊक होते. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात डार्विनही आरंभी माणसाने पाळलेल्या प्राण्यांविषयी आणि लावलेल्या पिकांविषयीच बोलतो. त्याचे म्हणणे एवढेच, की आजी जे हाताने करते तेच निसर्गात आपोआप घडत असते. सगळे जीव एकसारखे नसतात. जे त्या परिस्थितीत तगतात त्यांचीच संतती पुढे वाढते. यात कोणाची इच्छा नाही की हेतू नाही.

आता हेच बोंडअळीला लावून पाहा. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातले, म्हणून कपाशी स्वतःच अळीला मारक असे विष तयार करू लागली. भारतात अशा कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, आणि २००६ साली दोन जनुकांची कपाशी आली. लक्षावधी अळ्या मेल्या. पण लाखांत एखादी जन्मतःच ते विष पचवणारी होती. ती विषामुळे तशी झाली नव्हती, ती आधीच तशी होती. बाकीच्या मेल्या म्हणून वावर तिचे झाले. तिच्यासारखाच जोडीदार तिला मिळाला की पिल्लेही तशीच निपजतात. महिन्याभराच्या आसपास एक पिढी, म्हणजे एका हंगामात कितीतरी पिढ्या. २०१० साली गुजरातेत पहिले विष पचवणारी गुलाबी बोंडअळी आढळल्याचे जाहीर झाले. पुढच्या पाचएक वर्षांत ती दोन्ही विषांना पुरून उरली.

त्या १२० ग्रॅमच्या पाकिटाचे मर्म येथे आहे. कडेच्या साध्या कपाशीवर साध्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या थोड्या पतंगांशी जुगतात. हा गुण बहुधा आई आणि बाप या दोघांकडून आला तरच कामी येतो. म्हणून अशा मिश्र जोडप्याची पिल्ले बीटीचे बोंड खाऊन मरतात. म्हणजे त्या पाच ओळी अळीसाठी नव्हत्याच. आपली मोठी पिशवी कामाची राहावी, यासाठी अळीला दिलेला तो खंड होता.

परिसराचा संबंध याहूनही पुढे जातो. हरभऱ्यावरची घाटेअळी आणि कपाशीवरची हिरवी अमेरिकन बोंडअळी हा एकच कीटक आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? तो तुरीवर जगतो, हरभऱ्यावर जगतो, टोमॅटोवरही जगतो. त्याला साधे अन्न शिवारात सर्वत्र मिळते, म्हणून त्याच्यात विष पचवणाऱ्यांची सरशी तितक्या झपाट्याने झाली नाही, असे शास्त्रज्ञ सांगतात. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. शिवारभर बीटीच असेल तर तिच्यापुढे दोनच वाटा उरतात, मरणे किंवा पचवणे. त्यात आपण फरदड घेतो, डिसेंबरनंतरही पऱ्हाटी उभी ठेवतो, म्हणजे तिच्या पुढच्या पिढ्यांना आयते घर देतो.

कोणी म्हणेल, शेतकरी अडाणी, नियम पाळत नाही. मला हे मान्य नाही. साडेतीन एकरवाल्याने पाच ओळी अळीला दिल्या तर तोटा त्याच्या एकट्याचा आणि फायदा साऱ्या शिवाराचा. शेजाऱ्याने लावल्या नाहीत तर याच्या ओळी वाया. पतंगाला धुरा कळत नाही. म्हणून हे एकट्याच्या शहाणपणाचे काम नव्हे, गावाने मिळून करायचे आहे. आणि गाव मिळून तेव्हाच काही करते, जेव्हा त्याला ‘का’ हे कळते. बाबांना ‘काय लावा’ हे सांगितले गेले, ‘का लावा’ हे त्यांच्या भाषेत कोणी सांगितले नाही. पुढे तर साधे बियाणे मोठ्या पिशवीतच मिसळून देण्याची पद्धत आली. सोय झाली हे खरे. पण समजावून सांगण्याचे काम पुन्हा एकदा टळले.

जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे आमच्या कवडी वेचून झाल्यावर थोड्याच दिवसांत, एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, असा त्यांचा मुद्दा होता. माणूस आजच्या माकडांपासून झाला, असे विज्ञान म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज एक होते, एवढेच ते म्हणते. आणि उत्क्रांती होताना पाहायचीच असेल, तर त्या हिवाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातले कोणतेही बोंड फोडून पाहणे पुरेसे होते. २०२३ साली केंद्रीय दहावीच्या नव्या पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी, शिक्षकांनी आणि विज्ञानप्रेमींनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. दहावीनंतर माझ्यासारखी कितीतरी मुले विज्ञानाकडे वळत नाहीत. त्यांना हा विषय तेथे भेटला नाही तर पुढे कधीच भेटत नाही.

म्हणून गुरुजनांना माझी नम्र सूचना आहे. नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या शाखेचा एखादा विषय आपल्याला निवडता येतो. त्यात उत्क्रांती आणि परिसर हा विषय असावा, आणि तो जिराफापासून नव्हे, बोंडअळीपासून शिकवावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, ते चांगलेच आहे. पण जूनमध्ये पेरणीपूर्वी एखाद्या गावच्या पारावर बसून एक तास हे सांगितले, तर तीही सेवाच होईल. आपण कलाशाखेचे विद्यार्थी. भाषा हेच आपले हत्यार. शास्त्रज्ञाचे म्हणणे बापाच्या बोलीत सांगणे आपण नाही करणार, तर कोण करणार?

मागच्या दिवाळीत मी बाबांना हे सारे सांगितले. पऱ्हाटीच्या काड्या अंगणात मांडून दाखवल्या, कोणती अळी मरते आणि कोणती राहते. ते बराच वेळ त्या काड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘इतकंच होतं त आधी काहून नाही सांगितलं कोणी?’

मैत्रिणींनो, आपल्याला काय करायचे आहे, असे तुम्ही विचारले होते. माझ्या बापाच्या या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. (द्वितीय वर्ष)