घर पायथ्याशी ठेवा!

प्रवासाला निघालेल्या माणसाने आपले घर बरोबर न्यावे काय? प्रश्न विचित्र वाटेल. पण अमेरिकेत असंख्य कुटुंबे दर उन्हाळ्यात घर घेऊनच निघतात. आपल्या एस.टी.एवढे, कधी तिच्याहूनही लांब वाहन. आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर सारे काही! तिकडे त्याला ‘मोटरहोम’ म्हणतात. १९६६ साली आयोवा राज्यातील विनेबॅगो कंपनी ही वाहने बनवू लागली आणि पुढे कंपनीचे नावच लोकांनी वाहनाला देऊन टाकले.

हे फिरते घर डोंगराशी येऊन थांबते, तेव्हा खरी गंमत होते. मोंटाना राज्यात ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातून सुमारे ५० मैलांचा एक रस्ता जातो. त्याचे नावच ‘सूर्याकडे जाणारा रस्ता’. लोगन खिंडीत तो ६,६४६ फूट उंची गाठतो. १९३३ साली तो संपूर्ण खुला झाला. या रस्त्याच्या आधीच्या आराखड्यात पंधरा नागमोडी वळणे होती. थॉमस विंट या आरेखकाने त्यास हरकत घेतली, कारण एवढ्या वळणांनी दरीचे रूप विद्रूप झाले असते. मग १९२४ साली फ्रँक किट्रेज या अभियंत्याने नवी पाहणी केली आणि कड्याच्या कुशीतून, एकच मोठे वळण घेणारा रस्ता आखला गेला.

कडा कमी फोडला, म्हणून रस्ता अरुंद राहिला. त्यामुळे त्याच्या डोंगरी भागात २१ फुटांहून लांब किंवा आरशांसह ८ फुटांहून रुंद वाहनास मज्जाव आहे. लाखो रुपयांचे मोटरहोम पायथ्याशी उभे करायचे आणि लहान मोटारीने किंवा उद्यानाच्या बसने वर जायचे!

कोणी म्हणेल, हा अन्याय आहे. वृद्ध माणसे, आजारी माणसे सोयीसाठीच असे वाहन घेतात. आक्षेप खोटा नाही. म्हणूनच नुसती बंदी घालून भागत नाही, पर्यायही द्यावा लागतो. तेथे १९३०च्या दशकात बांधलेल्या, छत उघडणाऱ्या लाल बसगाड्या आहेत. २००७ साली उद्यानाची बससेवाही सुरू झाली. ज्यांना वाहन सोडायचेच नाही, त्यांना दक्षिणेकडून मारियास खिंडीचा महामार्ग मोकळा आहे. दार बंद केले, पण वाट अडवली नाही.

माझे वडील ट्रक चालवतात. ते म्हणतात, “घाटात गाडी मोठी नसते, घाट मोठा असतो.” परशुराम घाटात चौपदरीकरणाचे काम चालू असताना, २०२२ साली, दरडीच्या भीतीने दिवसातले काही तास वाहतूक बंद असे. तेव्हा त्यांचा ट्रक तासन् तास उभा राही आणि घरी आई जेवण झाकून वाट पाहत बसे. तरीही तो महामार्ग रुंद व्हावा, असेच ते म्हणत, आणि मलाही ते पटते. तो पोटाचा रस्ता आहे. आमच्या गावाला रस्ता झाला नसता, तर घरातला पहिला कॉलेजकुमार होण्याचे भाग्य मला लाभले नसते. रस्त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही.

पण पोटाचा रस्ता वेगळा आणि मौजेचा रस्ता वेगळा. मालाच्या ट्रकसाठी डोंगर कापणे निराळे. आपल्याला गादीवर बसून धबधबा पाहता यावा म्हणून तो कापणे निराळे. हा विवेक आपल्याला अपरिचित आहे असेही नाही. माथेरानला पर्यटकांच्या मोटारी दस्तुरीला थांबतात, म्हणून माथेरानचे काय बिघडले? उलट, पायी चालणाऱ्याला तेथे पाखरू ऐकू येते.

मित्रहो, पुढेमागे आपल्यापैकी कोणी अभियंता नव्हे, तरी अधिकारी, शिक्षक किंवा सरपंच नक्कीच होईल. एखाद्या रम्य घाटाच्या रुंदीकरणाचा कागद त्याच्यापुढे येईल. त्या वेळी त्याने एवढेच विचारावे : हा डोंगर कोणाच्या भुकेसाठी कापायचा आणि कोणाच्या सोयीसाठी? उत्तर ‘सोय’ असेल, तर घर पायथ्याशी ठेवायला सांगावे. डोंगर पाहायला माणूस वर गेला म्हणजे पुरे. त्याचा पलंग वर गेलाच पाहिजे असे नाही.