वर्गात कोणता पालक वाचणार?

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शाळेचा निरोप आला. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनानिमित्त इच्छुक पालकांनी वर्गात येऊन मुलांना पंधरा मिनिटे पुस्तक वाचून दाखवावे. दहा मिनिटांत चार नावे आली. एक डॉक्टर, एक इंजिनिअर, एक बँकेतल्या मॅडम, एक क्लासवाले सर. वाळूजच्या कंपनीत बारा तास उभा राहणारा बाप, चार घरची धुणीभांडी करणारी आई, रिक्षा चालवणारा पालक, हे सगळे त्याच ग्रुपवर आहेत. निरोप त्यांनीही वाचला असेल. पण 'इच्छुक पालक' म्हणजे आपण नव्हे, हे त्यांना कुणी न सांगताच कळले.

पाचवे नाव आम्ही टाकले. आमची लेक चौथीत आहे. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला, "सर, काहीतरी हलकंफुलकं घ्या. प्राण्यांच्या गोष्टी मुलांना आवडतात. वादाचं नको." बाई वाईट नाहीत. कुणी तक्रार केली तर जाब त्यांनाच द्यावा लागतो.

आम्ही निवडली ती बाबासाहेबांनीच लिहून ठेवलेली लहानपणची आठवण. 1901 साल. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीला. नऊ-दहा वर्षांचा भीम, त्याचा मोठा भाऊ आणि भाचे सुट्टीत वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनावर उतरले, तर न्यायला कुणी आलेले नाही. स्टेशन मास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली, जात कळली आणि त्याचा चेहराच बदलला. दुप्पट भाडे देतो म्हटले तेव्हा कुठे एक गाडीवान तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. सोबत जेवण होते, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही.

पण बाईंपेक्षा मोठी अडचण घरातच होती. आदल्या रात्री लेकीने विचारले, "पप्पा, आपल्याबद्दलचं वाचणार का?" या 'आपल्याबद्दल'चा अर्थ न कळण्याइतके आम्ही भाबडे नाही. नऊ वर्षांच्या पोरीने वर्गात काहीतरी झाकून ठेवायला सुरुवात केली होती आणि आम्ही ते उघडे करायला निघालो होतो. तिला न विचारता तसे करण्याचा हक्क आम्हाला नव्हता. मग आम्ही सगळी गोष्ट आधी तिलाच वाचून दाखवली. ती गप्प ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "वाचा. पण मी मागच्या बाकावर बसणार."

वर्गात काय झाले? मुलांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले. "बैल उधळले असते तर?" "पैसे डबल दिले, तरी तो गाडीत का नाही बसला?" एक मुलगा म्हणाला, "पण त्यांनी तर नवीन कपडे घातले होते. मग मास्तरला कळलं कसं?" आम्ही सांगितले, "कळलं नाही. त्याने विचारलं आणि मुलांनी खरं सांगितलं." वर्ग शांत झाला. जात दिसत नाही, ती विचारावी लागते, हे चौथीतल्या पोराने एका प्रश्नात पकडले. मोठमोठ्या विद्वानांना तिथे पोहोचायला आयुष्य लागते! कुणीतरी विचारले, "त्यांनी पाण्याची बाटली का नाही नेली?" तेव्हा मागच्या बाकावरून आमच्या लेकीचा आवाज आला, "तेव्हा बाटल्या नव्हत्या रे." शेवटचा प्रश्न होता, "आता पण असं करतात का?" आम्ही खरे तेच सांगितले, "काही ठिकाणी करतात. म्हणून तर वाचायचं."

संध्याकाळी एका पालकाने ग्रुपवर लिहिले, 'लहान मुलांच्या डोक्यात जात कशाला घालता?' त्यांना आमचा उलट सवाल आहे. गोष्टीतला भीम किती वर्षांचा होता? त्याच्या डोक्यात जात कोणत्या पुस्तकाने घातली? आणि आजही शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना वर्गात अमुक प्रवर्गाची मुले उभी केली जातात, हजेरी घेताना आडनावे पुकारली जातात, वाढदिवसाला घरी कुणाला बोलवायचे ते ठरवले जाते, तेव्हा मुलांच्या डोक्यात काय जाते? जात वर्गात आधीपासूनच बसलेली आहे. आम्ही फक्त तिच्याबद्दल मोठ्याने वाचले.

मोठ्याने वाचणे आणि ते ऐकणे ही या देशात कधीच साधी गोष्ट नव्हती. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात तापलेला रस ओतावा, असे गौतम धर्मसूत्र सांगते. ज्यांचे कान बंद ठेवायचे ठरले होते त्यांनीच पुढे वाचून दाखवण्याची परंपरा उभी केली. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितले आहे की, सुभेदार रामजी आपल्या मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावत आणि बहिणी व घरी जमलेली मंडळी ते ऐकत. पुढे भीमाने वडिलांना विचारले, ज्यात शूद्रांना हीन लेखले आहे ते आम्ही का वाचायचे? आधी वडील रागावले. नंतर त्यांनी उत्तर दिले की, मुलांच्या मनातला न्यूनगंड जावा म्हणून. द्रोण आणि कर्ण छोटी माणसे होती, पण केवढी मोठी झाली ते पाहा. उत्तराने मुलाचे समाधान झाले नाही, ही गोष्ट वेगळी. पण वाचून दाखवणारे घर आणि प्रश्न विचारणारा पोरगा, दोन्ही एकाच छताखाली होते. आम्हाला वर्गात हेच हवे आहे.

पुढे 1920 साली 'मूकनायक' निघाला, तो वस्तीत एक शिकलेला माणूस वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. आजही वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, आपल्या शहरातल्या विहारांमध्ये संध्याकाळी ग्रंथवाचन चालते. दिवसभर राबून आलेल्या आयाबाया शुभ्र साडी नेसून पाने वाचतात, अडखळतात, शेजारीण शब्द सांगते, त्या पुढे जातात. तीन महिने शेकडो पाने मोठ्याने वाचणारी ही बाई शाळेच्या लेखी मात्र 'इच्छुक पालक' ठरत नाही!

म्हणून आमची मागणी साधी आहे. इच्छुकांची यादी नको, हजेरीपटाप्रमाणे बोलवा. आज रोल नंबर एकचे पालक, पुढच्या शनिवारी दोनचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी सांगावे. ऊसतोडीला गेलेल्या आईने फडावरची गोष्ट सांगितली तर ती डॉक्टरसाहेबांच्या पुस्तकापेक्षा हलकी ठरेल का? ज्यांचा दिवसाचा रोज बुडतो त्यांना त्यांच्या सुट्टीचा वार विचारा. हे उपकार नाहीत. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 प्रमाणे शासकीय आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. त्या समितीच्या बैठकीत हा विषय मांडा, ठराव घ्या, इतिवृत्तात नोंदवून घ्या. नुसत्या सह्या करून परत येऊ नका.

आता थोडे आपल्याच लोकांना. 1950 साली बाबासाहेबांनी या शहरात महाविद्यालय काढले. त्या मिलिंदच्या, नागसेनवनाच्या सावलीत आपण राहतो. घरात बाबासाहेबांचे खंड काचेच्या कपाटात आहेत. पण लेकराला मांडीवर घेऊन त्यातले एक पान आपण शेवटचे कधी वाचले? जयंतीच्या वर्गणीत पुढे असणारे किती बाप पालकसभेला जातात? शाळेचे सगळे आईवर सोपवून आपण चौकात चर्चा करतो. याच शहरात बायजीपुऱ्यात 2021 साली एका शाळकरी मुलीने घरची पुस्तके घेऊन मोहल्ला वाचनालय सुरू केले आणि पाहता पाहता अनेक मोहल्ल्यांत तशी वाचनालये उभी राहिली. एका लेकराला जे जमले ते आपल्याला का जमू नये?

7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस. 1900 साली याच तारखेला भीमाचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. त्या दिवशी भाषण, हार, फोटो एवढ्यावर थांबू नका. लेकराच्या वर्गशिक्षकांना आजच फोन करा आणि पंधरा मिनिटे मागा. काय वाचायचे ते आधी घरी लेकराला वाचून दाखवा, त्याची परवानगी घ्या. भाषण करू नका. पुस्तक वाचा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या.

पुढच्या वेळी कोण येणार, असे बाईंनी वर्गाला विचारले. आमच्या लेकीने शेजारच्या मैत्रिणीचा हात धरून वर केला. त्या मुलीची आई चार घरची धुणीभांडी करते. आणि वर्षावासात विहारात वाचते.

जयभीम!