रविवारची मुंबई, जरा हटके!

वीकेण्ड म्हणजे काय? अकरापर्यंत झोप, एखादा मॉल, एखादा पिक्चर, आणि रात्री ‘उद्या परत मंडे’ म्हणून सुस्कारा. वर्षानुवर्षं इथे राहूनही आपल्यापैकी कित्येकांची मुंबई घर, स्टेशन आणि ऑफिस एवढीच असते. माझी रूममेट नागपूरची. चार वर्षं इथे नोकरी केली आणि आता बंगळुरूला निघाली. सामान बांधताना म्हणाली, ‘‘अगं, मी मुंबई बघितलीच कुठे?’’ हातात एकच रविवार होता. गेटवे, मरीन ड्राइव्ह, जुहू तिनेच कट केलं. मग ठरला हा प्लॅन. तुम्हीही ट्राय करा.

सकाळी सात : बाणगंगा. मलबार हिलच्या टॉवर्समागे, वाळकेश्वरला, दगडी पायऱ्यांचं हे तळं शांत पहुडलेलं असतं. समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर, तरी झऱ्याचं पाणी गोडं! रामाला तहान लागली म्हणून लक्ष्मणाने बाण मारला, ही त्यामागची कथा. शिलाहारांच्या काळात ११२७ साली तळं बांधलं असं सांगतात. पायरीवर बसा, बदकं बघा. मोबाइल सायलेंटवर.

दहाच्या सुमारास : गिरगावातली खोताची वाडी. बाहेरून लाकडी जिने, रंगीत व्हरांडे, मधूनच एखादा क्रूस. दादोबा वामन खोत यांच्यावरून वाडीला नाव पडलं. पुढे इथे ईस्ट इंडियन कुटुंबांनी घरं बांधली. एके काळी अशी साठाच्या वर घरं होती, आता निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. माशांच्या जेवणासाठी फेमस असलेलं ‘अनंताश्रम’ही केव्हाच बंद झालं. म्हणून सांगते, ‘पुढच्या वर्षी जाऊ’ म्हणू नका. फक्त लक्षात ठेवा, हा सेट नाही, लोकांची घरं आहेत. खिडकीत कॅमेरा घालू नका.

दुपारी : टॅक्सीने भायखळा, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ साली उघडलेलं हे म्युझियम नूतनीकरणानंतर २००८ मध्ये पुन्हा खुलं झालं. आतली मातीची छोटी छोटी माणसं तासभर सहज खातात. बाहेरचा दगडी हत्ती तर भारीच. घारापुरीला ‘एलिफंटा’ हे नाव ज्याच्यामुळे मिळालं तो हाच! इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. शेजारच्या राणीच्या बागेत सातव्या एडवर्डचा पुतळा आहे. आपण ज्याला ‘काळा घोडा’ म्हणतो तो मूळ घोडा हाच, १९६५ साली फोर्टमधून हलवलेला. फोर्टात आता दिसतो तो २०१७ सालचा, स्वाराविना उभा असलेला घोडा.

संध्याकाळी : भायखळ्याहून लोकलने सीएसएमटी, तिथून चालत हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथीड्रल. १७१८ साली प्रार्थनेसाठी खुलं झालेलं हे चर्च. तेव्हा फोर्ट म्हणजे खरोखरच किल्ला होता आणि त्याचा एक दरवाजा या चर्चच्या रस्त्यावर होता. तोच चर्चगेट! १८६० च्या दशकात तटबंदी पाडली, दरवाजा गेला. त्या जागी आज फ्लोरा फाउंटन आहे. नाव मात्र स्टेशनवर राहिलं. चार वर्षं रोज चर्चगेटला उतरणारी माझी रूममेट हे ऐकून दोन मिनिटं गप्पच झाली. मग म्हणाली, ‘‘आता जाताना जरा जड जाणार.’’

टिप्स : आरामदायी बूट, पाण्याची बाटली, सुटे पैसे. म्युझियम आणि राणीची बाग बुधवारी बंद. रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक नक्की चेक करा.

आणि हो, शहर सोडायची वेळ येईपर्यंत थांबू नका. येता रविवार आहेच की!