भिंतीपलीकडची ट्रेसी चॅपमन

ट्रेसी चॅपमनच्या पहिल्या अल्बमचे चाहते साधारण दोन प्रकारचे असतात. एकांना ‘टॉकिन बाउट अ रेव्होल्यूशन’ आवडतं. मोर्चा असो की निवडणुकीची सभा, ते गाणं त्यांच्या कामाला येतं. २०१६ साली बर्नी सँडर्स यांच्या प्रचारातही ते वाजत होतं. दुसऱ्यांना ‘फास्ट कार’ ऐकलं की आपली तरुणाई आठवते. माझं म्हणणं असं आहे की या दोन्ही मंडळींनी अल्बम अर्धाच ऐकलाय. कारण या अल्बमचं खरं भांडण सरकारशी किंवा श्रीमंतांशी जितकं आहे, त्याहून जास्त शेजाऱ्याशी आहे. सगळं ऐकू येत असून गप्प बसणाऱ्या शेजाऱ्याशी.

अल्बम आला एप्रिल १९८८ मध्ये. गायिका तेव्हा चोवीस वर्षांची. जन्म ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडचा, एकट्या आईने वाढवलेली कृष्णवर्णीय मुलगी. शिष्यवृत्तीवर कनेक्टिकटमधल्या खासगी शाळेत गेली, पुढे टफ्ट्स विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकली आणि बोस्टनच्या मेट्रो स्थानकांत, हार्वर्ड चौकात गिटार घेऊन गात राहिली. तो काळ सिंथेसायझरचा, ड्रम मशीनचा आणि एमटीव्हीच्या झगमगाटाचा. अशा वेळी लोकगीताच्या वळणाची अकरा गाणी, बरीचशी गिटारवर तोललेली, विकली जातील असं कुणाला वाटलं असेल? निर्माते डेव्हिड कर्शेनबाउम यांनी शहाणपणा केला तो एवढाच, की वाद्यांची गर्दी होऊ दिली नाही.

११ जून १९८८ चा किस्सा बऱ्याच जणांना माहीत आहे. नेल्सन मंडेला तुरुंगात होते आणि त्यांच्या सत्तरीनिमित्त लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर मैफल होती. चॅपमन आपली गाणी दुपारीच गाऊन मोकळी झाली होती. संध्याकाळी स्टीव्ही वंडर यांच्या वाद्याची हार्ड डिस्क सापडेना, ते मंचावर जायला तयार होईनात. मधली वेळ भरून काढायला हिला पुन्हा उभं केलं. एक मुलगी, एक गिटार. अनेक देशांत दूरचित्रवाणीवर ते दिसलं आणि पुढच्या काही आठवड्यांत अल्बम ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. हा किस्सा नशिबाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. असेल नशीब. पण त्या दिवशी दुपारी तिने कोणतं गाणं गायलं होतं, याची चर्चा कुणी करत नाही. त्यात ‘बिहाइंड द वॉल’ होतं.

या गाण्याला वाद्यच नाही. दोन मिनिटांहूनही कमी वेळ, फक्त आवाज. शेजारच्या घरात बाई मार खातेय, भिंतीपलीकडून ओरडणं ऐकू येतंय, झोप लागत नाही. पोलीस आले तर उशिरा येतात, आणि आले तरी नवराबायकोच्या भांडणात पडता येत नाही म्हणून निघून जातात. गाणारी ही मार खाणारी बाई नाही, हे इथे महत्त्वाचं. ती ऐकणारी आहे. गिटार काढून टाकल्यामुळे आपणही तिच्या जागी जाऊन बसतो आणि कान बंद करायला काही उरत नाही. ‘उनके घर का मामला है’ हे वाक्य आपल्या मोहल्ल्यात, चाळीत, सोसायटीत कुणी ऐकलं नाही? भारतात घरगुती हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आला २००५ साली, म्हणजे या गाण्यानंतर सतरा वर्षांनी. कायदा आला तरी भिंती तेवढ्याच जाड आहेत.

‘अक्रॉस द लाइन्स’ तर मला मुंब्र्यात राहणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागेल असं वाटत नाही. रुळांनी आणि पुलाने दुभंगलेलं शहर; इकडे गोरे, तिकडे काळे. एका काळ्या मुलीवर हल्ला होतो, दंगल पेटते आणि शेवटी बोल लागतो त्या मुलीलाच. मुंबईत १९९२-९३ नंतर किती कुटुंबं घरं सोडून मुंब्र्याला गेली, अहमदाबादेत जुहापुरा कसं फुगत गेलं, हे आठवा. अमेरिकेतला वर्णभेद आणि आपल्याकडचं हे प्रकरण एकच आहे असं मी म्हणणार नाही. दोन्हींचा इतिहास वेगळा. पण अलीकडच्याला पलीकडचं ऐकू येत नाही असं नसतं. ऐकू येतं, फक्त ते ‘त्यांचं’ असतं.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ती दिल्लीत आली होती. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याला चाळीस वर्षं झाली म्हणून अ‍ॅम्नेस्टीने काढलेला दौरा, सोबत स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल आणि सेनेगलचे युसू न्दूर. मेरठच्या हाशिमपुऱ्यातून पीएसीने तरुणांना उचलून नेऊन गोळ्या घातल्या, त्याला तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं. दिल्लीपासून मेरठ किती लांब आहे?

आता ‘फास्ट कार’कडे येतो. लोक त्याला प्रेमगीत म्हणतात, मला ते हिशेबाचं गाणं वाटतं. बाप दारुडा, आई सोडून गेलेली, त्याला सांभाळायला मुलगी शाळा सोडते. दुकानात नोकरी, थोडी बचत, शहर बदलायचं स्वप्न. आणि शेवटी जोडीदारही बापाच्याच वाटेने जातो. घोषणा एकही नाही. पगार आणि भाडं यांचं गणित सुटत नाही, एवढंच आहे, आणि तेच भयंकर आहे.

२०२३ मध्ये हे गाणं ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या कंट्री गायकाने पुन्हा गायलं. शब्द बदलले नाहीत, दुकानातल्या मुलीला मुलगीच ठेवलं. त्याचा प्रामाणिकपणा मला मान्य आहे. १९८८ मध्ये अमेरिकेच्या मुख्य यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलेलं गाणं या वेळी दुसऱ्यावर पोहोचलं. कंट्री म्युझिक असोसिएशनने चॅपमनला वर्षातल्या सर्वोत्तम गीताचा पुरस्कार दिला. हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. पुरस्कार जुना, गाणं पस्तीस वर्षांचं. तिने स्वतः आनंदच व्यक्त केला, मानधनही तिलाच मिळालं, त्यामुळे तिच्या वतीने रुसायचा अधिकार मला नाही. तरी प्रश्न उरतोच. हेच शब्द, हीच चाल, मग कंट्री रेडिओच्या कानांना गाणारा बदलेपर्यंत ते का ऐकू आलं नाही? ‘बघा, संगीताने भेद मिटवला’ असं लिहिणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमीच्या मंचावर दोघांनी ते एकत्र गायलं आणि मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा जगभर ऐकलं गेलं. तुम्हीही तेव्हा ऐकलं असेल. अल्बमवर ते दुसरं गाणं आहे. तिथे थांबू नका. तिसरं ‘अक्रॉस द लाइन्स’ आहे आणि चौथं ‘बिहाइंड द वॉल’.