'बारापासॉरस'ला खरंच बारा पाय होते का? गोदावरी खोऱ्यातल्या डायनासोरच्या नावाची गोष्ट

नावात 'बारा' दिसलं की मराठी माणसाला आकडाच आठवतो. पण बारापासॉरसला पाय चारच होते. हे 'बारा' मूळचं बंगालीतलं 'बड़ो', म्हणजे मोठा. 'पा' म्हणजे पाय आणि ग्रीक 'सॉरस' म्हणजे सरडा. थोडक्यात, मोठ्या पायाचा सरडा.

मग गोंधळ कुठे झाला?

प्राण्याचं शास्त्रीय नाव कुठल्याही भाषेतून घेता येतं, पण ते रोमन लिपीतच लिहावं लागतं. तिथे 'बड़ो'चा 'ड़' हरवला आणि देवनागरीत परत येताना 'बारा' झाला.

हे नाव का पडलं?

प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, आजच्या महाराष्ट्र-तेलंगणा सीमेच्या भागात, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना या शाकाहारी प्राण्याची हाडं मिळाली. मांडीचं एक हाड सुमारे १.७ मीटर, म्हणजे साधारण साडेपाच फूट लांब होतं. त्यावरूनच 'मोठा पाय'. उत्खनन सुरू होतं ते १९६१ साल रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचं. म्हणून १९७५ मध्ये जाहीर झालेलं पूर्ण नाव ठरलं 'बारापासॉरस टागोरेई'.

याचं महत्त्व काय?

त्याआधी भारतातल्या डायनासोरना नावं बहुतेक परदेशी अभ्यासकांनी दिली. जबलपूरजवळ १८२८ मध्ये सापडलेल्या हाडांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिलं. ग्रीक पुराणातल्या टायटनांवरून. बारापासॉरसचा शोध, अभ्यास आणि नाव मात्र इथल्याच संस्थेचं. २०२३ मध्ये जैसलमेरच्या डायनासोरला थार वाळवंटावरून 'थारोसॉरस' हे नाव मिळालं, तेही भारतीय संशोधकांकडूनच.

पण नुसतं नाव पुरत नाही

टायटॅनोसॉरस इंडिकसचं नाव शेपटीच्या मणक्यांवर बेतलेलं होतं. वेगळी प्रजाती ठरवायला ते पुरेसे नाहीत, असं २००३ मध्ये अभ्यासकांनी दाखवलं आणि ते नाव संशयास्पद ठरलं. बारापासॉरसची जवळपास ३०० हाडं मिळाली, किमान सहा प्राण्यांची. त्यांतून उभा केलेला सांगाडा कोलकात्यात त्याच संस्थेच्या संग्रहालयात आहे.

म्हणूनच जीवाश्मांच्या जागेवरून एखादं हाड 'आठवण' म्हणून उचलून नेणं साधी गोष्ट नाही. नाव कुणीही देईल, पण ते टिकतं हाडांच्या पुराव्यावर.