फोडणी ब्रेकमध्येच द्या

अमेरिकेत टीबीएस वाहिनीवर १९९५ पासून २०११ पर्यंत ‘डिनर अँड अ मूव्ही’ नावाचा कार्यक्रम चालला. पॉल गिलमार्टिन आणि अ‍ॅनाबेल गर्विच ही त्याची बरीच वर्षे गाजलेली निवेदक जोडी, शेगडीपाशी क्लॉड मान. चित्रपट सुरू असे, मध्ये थांबला की ही मंडळी त्याच चित्रपटावरून सुचलेला पदार्थ घरच्यासारखा रांधत. पदार्थांची नावे म्हणजे चित्रपटाच्या नावांवर केलेल्या कोट्या, आणि त्यातल्या बऱ्याच ओढूनताणून आणलेल्या. पण कोटी बाजूला ठेवली तर या कार्यक्रमाने एक मोठी गोष्ट केली. स्वयंपाक ब्रेकमध्ये आणि चित्रपट सुरू झाला की सगळे चित्रपटापुढे. आपल्याकडे नेमके उलटे असते. रविवारचा चित्रपट रंगात आलेला असतो तेव्हा घरातली बाई कणीक मळत असते, आणि ती हात पुसत बाहेर येते तेव्हा पडद्यावर साबणाची जाहिरात. असा कार्यक्रम मराठीत व्हायला हवा, तो या एका कारणासाठी. नवा पदार्थ शिकवायला ‘आम्ही सारे खवय्ये’सारखे कार्यक्रम झालेच आहेत.

जेवण आणि खेळ यांची सांगड आपल्याला परकी आहे, हा पहिला आक्षेप. पण गडचिरोली जिल्ह्यातले वडसा म्हणजे देसाईगंज पाहा, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य ठाणे. याच रंगभूमीवरच्या कामासाठी २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. दिवाळीनंतर धान घरात येते, गावोगावी मंडई भरते, लेकी-जावई पाहुणे येतात आणि रात्री नाटक. ते सुरू होते उशिरा, पंगती उठल्यावर, आणि पहाटेपर्यंत चालते. हे उशिरा सुरू होणे मला फार शहाणपणाचे वाटते, कारण त्यामुळे रांधणारीलाही भांडी आवरून मंडपात पोचता येते. सात वाजता पडदा उघडला असता तर निम्मे गाव चुलीपाशीच राहिले असते. आता मोबाइलवर जो तो आपापला चित्रपट पाहतो, एकत्र बसणार कोण, असेही विचारले जाईल. पण मोबाइल झाडीपट्टीतही आलेच आहेत, तरी लोक नाटकाचे तिकीट काढून थंडीत रात्रभर बसतात. बसण्याजोगे काही असले की माणसे बसतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. टीव्हीला नवल लागते. उद्या हेमलकशाच्या आमटे दांपत्यावरचा २०१४ चा चित्रपट, किंवा दंडकारण्यात घडणारा ‘न्यूटन’ घेतला, की वाहिनी पहिल्यांदा लाल मुंग्यांची चटणी मागवील आणि निवेदक डोळे मोठे करून ती चाखील. भीती खरी आहे. ती चटणी तिथल्या माणसांच्या जेवणातली आहे, तिचा तमाशा करायचे कारण नाही. त्यापेक्षा साधी पेज शिजवा. पेज कोण पाहणार, असे म्हणणाऱ्यांनी ‘द लंचबॉक्स’ (२०१३) आठवावा. त्या डब्यात नवलाचे काय होते? रोजचेच जेवण, फक्त ते चुकीच्या माणसाकडे गेले आणि रांधणारीला पहिल्यांदा कोणीतरी दाद दिली. ‘गुलाबजाम’मध्येही (२०१८) लंडनची नोकरी सोडून पुण्यात आलेला आदित्य राधाकडून शिकतो ते आपले घरगुती मराठी जेवणच.

म्हणून पदार्थ ठरवताना चित्रपटाच्या नावाकडे पाहू नये, त्यात चुलीपाशी कोण आहे ते पाहावे. पेज असो की पिठले, फोडणी ब्रेकमध्येच पडावी. सुरुवात ‘लंचबॉक्स’पासूनच करा आणि पहिल्या भागाला भारती आचरेकरांना बोलवा. त्यातल्या देशपांडे आंटी वरच्या मजल्यावरून फोडणीच्या सूचना देतात, टोपलीतून मसाले खाली सोडतात, आणि अख्ख्या चित्रपटात एकदाही दिसत नाहीत.